मुंबई ते लंडन: अंतर तेच, वेळ का बदलते?

मुंबई आणि लंडन यांतले हवाई अंतर किती, असे विचारले की अंतर मोजून देणारे कुठलेही संकेतस्थळ क्षणात सांगते: सुमारे 7,200 किलोमीटर. खाली बहुतेक वेळा प्रवासाचा वेळही दिलेला असतो, आठ किंवा साडेआठ तास. तिकीट काढायला बसले की चित्र वेगळे दिसते. मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ ते दहा तास, कधी त्याहूनही थोडे अधिक. लंडनहून मुंबईला येताना मात्र नऊच्या आसपास. शहरे तीच, विमान तेच, अंतर तेच. मग हे दीड-दोन तास येतात कुठून, आणि जाताना-येताना फरक का पडतो?

लेकाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-वडिलांना हा प्रश्न हमखास पडतो. औषधांच्या वेळा, जेवणाच्या वेळा, घ्यायला येणाऱ्याची रजा, सगळे या एका आकड्यावर ठरते. त्याचे नेमके उत्तर द्यायला एप्रिल ते जून 2025 हा काळ फार उपयोगी आहे. एरवी नजरेआड राहणाऱ्या सगळ्या गोष्टी त्या तीन महिन्यांत एकामागून एक उघड्यावर आल्या. म्हणून मुंबई–लंडन मार्गाचे तेच प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे.

सरळ रेषा कुठून जाते

आधी अंतर. मुंबईचा विमानतळ साधारण 19.1 अंश उत्तर अक्षांश आणि 72.9 अंश पूर्व रेखांशावर आहे. लंडनचा हीथ्रो विमानतळ 51.5 अंश उत्तरेला आणि शून्य रेखांशाच्या किंचित पश्चिमेला. पृथ्वी पूर्ण गोल धरून या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग काढला, तर तो 7,210 किलोमीटरच्या आसपास भरतो. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्याने खरा आकडा काही किलोमीटरने सरकेल, पण आपल्या कामाला हा पुरेसा आहे.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेषा ओढली तर ती अरबस्तानाच्या बाजूने जाते आणि तिचा मध्य तुर्कस्तान-सीरिया सीमेजवळ पडतो. ती रेषा खरोखर सर्वांत जवळची नाही. होकायंत्राची एकच दिशा धरून तिच्यावरून गेले तर सुमारे 200 किलोमीटर जास्त पडतात. पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला की खरा मार्ग दिसतो. तो बराच उत्तरेकडे झुकतो आणि त्याचा मध्यबिंदू जॉर्जियाच्या राजधानीच्या, तिबिलिसीच्या, थोडा दक्षिणेला येतो. घरात पृथ्वीगोल असेल तर मुलांना हे जरूर करून दाखवा. पानभर स्पष्टीकरणाने समजत नाही ते दोऱ्याने मिनिटभरात समजते.

आता या दोऱ्याखाली कोणते प्रदेश येतात ते क्रमाने पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच अवलंबून आहे. मुंबई सोडल्यावर दोरा अरबी समुद्र आणि सौराष्ट्राच्या बाजूने वायव्येला जातो आणि सुमारे 900 किलोमीटरवर जवळजवळ थेट कराची शहरावरून पुढे सरकतो. मग बलुचिस्तान. इराणमध्ये तो जाहेदानच्या उत्तरेकडून शिरतो, वाळवंट तिरपे ओलांडतो आणि कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावर येतो. तिथून अझरबैजान, जॉर्जिया-आर्मेनियाची सीमा, काळ्या समुद्राचा पूर्व किनारा, क्रिमियाचा उत्तर भाग, युक्रेन, मोल्दोव्हा, पोलंडमधल्या क्राकोचा परिसर, मध्य जर्मनी, आणि शेवटी उत्तर समुद्राचा चिंचोळा पट्टा ओलांडला की इंग्लंड.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. पाकिस्तान, इराण, क्रिमिया, युक्रेन. युक्रेनची हवाई हद्द 24 फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे, म्हणजे दोऱ्याचा हा तुकडा तेव्हाच तुटला. विमाने काळ्या समुद्राच्या दक्षिण भागावरून किंवा तुर्कस्तानावरून रुमानियाकडे जाऊ लागली. 7,200 हा आकडा पृथ्वीच्या गोलाईबद्दल आहे आणि तिथे तो बिनचूक आहे. पण त्या रेषेवरून आज कोणतेही प्रवासी विमान टोकापासून टोकापर्यंत जात नाही.

आठाचे दहा कसे होतात

बोइंग 787 सारखे विमान उंचीवर स्थिर झाले की हवेच्या तुलनेत ताशी 900 किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. 7,210 ला 900 ने भागले की आठ तास येतात. अंतर मोजणारी बहुतेक संकेतस्थळे एवढेच गणित करतात, फार तर त्यात उड्डाण-उतरणीसाठी अर्धा तास मिळवतात.

विमान कंपनी तिकिटावर छापते तो वेळ मात्र आकाशातला नसतो. चाकांमागचे अडसर काढून विमान जागेवरून हलते तिथपासून लंडनला ते थांब्यावर उभे राहून पुन्हा अडसर लागेपर्यंतचा तो वेळ. व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच वाहतूक चालते आणि मध्यरात्रीनंतरच्या गर्दीत विमानाला रांगेत उभे राहावे लागते. हीथ्रोला उतरण्याची गर्दी असली की लंडनभोवतीच्या बॉव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठरलेल्या जागांवर विमाने एकाखाली एक थर करून घिरट्या घालतात. हे सगळे मिळून अर्धा-पाऊण तास सहज जातो. कंपन्या तो आधीच हिशोबात धरतात, म्हणून विमान कधी कधी ठरल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी पोचते आणि प्रवाशांना सुखद धक्का बसतो.

त्याहून मोठा वाटा वाऱ्याचा. या अक्षांशांत उंचावरचे वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात उपोष्ण कटिबंधातला झोतवारा, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, उत्तर भारत, इराण आणि आखाताच्या पट्ट्यावर उतरतो आणि त्याच्या गाभ्यात वेग ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जातो. विमान त्या गाभ्यातून सगळा वेळ जात नाही. उड्डाणाचे नियोजन करणारे जाताना त्याला शक्य तितके टाळतात आणि येताना त्याचा आधार घेतात. तरी संपूर्ण प्रवासात सरासरी ताशी 60 किलोमीटरचा वारा समोरून आला असे धरले, तर जमिनीच्या तुलनेत वेग 840 वर येतो. तोच वारा पाठीशी असेल तर 960. सात हजार किलोमीटरच्या प्रवासात एवढ्याने एक तासाहून अधिक फरक पडतो. जाताना दहा आणि येताना नऊ, याचे मुख्य कारण हेच. उन्हाळ्यात हा झोतवारा उत्तरेला सरकतो आणि फरक कमी होतो.

इथवरचे सगळे नैसर्गिक किंवा तांत्रिक आहे. दरवर्षी तसेच घडते, वेळापत्रकात आधीच मिळवलेले असते. खरी कसोटी लागली ती 2025 च्या उन्हाळ्यात.

24 एप्रिल 2025

पहलगामच्या हल्ल्यानंतर 24 एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. 30 एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांसाठी तेच केले. ही बंदी पुढे महिन्यामहिन्याने वाढवली गेली. असे पहिल्यांदाच घडत नव्हते. 2019 मध्येही बालाकोटनंतर, 27 फेब्रुवारीपासून 16 जुलैपर्यंत, पाकिस्तानची हद्द जवळपास बंदच होती.

मुंबई–लंडनचा दोरा कराचीवरूनच जातो हे आपण पाहिले. म्हणजे हा मार्ग पूर्ण कोलमडायला हवा होता. तसे झाले नाही. कारण मुंबई समुद्रकाठी आहे.

मुंबईहून निघालेले विमान पाकिस्तानला बाजूला ठेवून सरळ अरबी समुद्रावरून ओमानकडे जाऊ शकते. हिशोबासाठी मस्कतचा बिंदू घेऊ. मुंबई ते मस्कत सुमारे 1,590 किलोमीटर, मस्कत ते लंडन सुमारे 5,830. एकूण 7,420. दोऱ्यापेक्षा फक्त 210 किलोमीटर जास्त, म्हणजे विमानाची पंधरा मिनिटेही नाहीत. मी हे पहिल्यांदा मोजले तेव्हा आकडे पुन्हा तपासले, इतका हा फरक लहान आहे. गोलावरच्या लांब मार्गात थोडे बाजूला सरकले तर अंतर फार वाढत नाही, हा भूमितीचा गुण मुंबईच्या कामी आला.

दिल्लीचे नशीब वेगळे. दिल्ली ते लंडन सरळ अंतर सुमारे 6,730 किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा जवळजवळ 480 किलोमीटर कमी. शाळेत विचारले असते की लंडनला जवळ कोण, तर उत्तर दिल्ली, आणि ते बरोबरच. पण दिल्लीच्या विमानाला पाकिस्तान टाळायचे तर आधी राजस्थान-गुजरातवरून खाली समुद्रापर्यंत यावे लागते आणि मग पश्चिमेला वळावे लागते. दिल्ली–मस्कत–लंडन अशी नुसती सरळ बेरीज केली तरी 7,790 किलोमीटर होतात, आणि त्यातला दिल्ली–मस्कत भाग पुन्हा सिंधवरून जातो. म्हणून प्रत्यक्षात याहून अधिक. किमान हजार-अकराशे किलोमीटरची भर, तासाभराहून जास्त वेळ, आणि ताशी सुमारे पाच टन इंधन जाळणाऱ्या विमानाला पाच-सहा टन जादा इंधन.

अशा रीतीने 24 एप्रिलनंतर भारतीय विमानाने जाणाऱ्यासाठी लंडनला मुंबई जवळची आणि दिल्ली लांबची झाली. दोन्ही शहरे जागची हलली नव्हती. माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. शहरांमधले उपयोगाचे अंतर ठरवताना मधल्या देशांचा होकार-नकार अक्षांश-रेखांशांइतकाच मोजावा लागतो.

आणखी एक बारकावा आहे. बंदी भारतीय कंपन्यांवर होती, ब्रिटिश कंपन्यांवर नव्हती. त्यामुळे ब्रिटिश एअरवेज किंवा व्हर्जिन अटलांटिकच्या विमानाला नियमानुसार कराचीवरून जाता येत होते. मेमधल्या संघर्षाच्या काळात अनेक युरोपीय कंपन्यांनी सुरक्षिततेसाठी स्वतःहून पाकिस्तान टाळले, तो भाग निराळा. पण तत्त्व लक्षात घ्यावे: विमानाची नोंदणी कोणत्या देशातली यावरही त्याच दोन शहरांतले अंतर बदलते. दिल्लीच्या प्रवाशाला हा फरक तिकिटावर सरळ दिसत होता. मुंबईच्या प्रवाशाला तो फारसा जाणवला नाही.

13 जून: दुसरा दरवाजा

मुंबईचा वळसा स्वस्त पडला, पण एका अटीवर: आखाताच्या पलीकडे इराण किंवा इराक उघडा पाहिजे. मस्कतहून लंडनची सरळ रेषा इराणच्या आखाताकडच्या बाजूवरून वायव्येला तुर्कस्तानाकडे जाते.

13 जून 2025 च्या पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराण, इराक, जॉर्डन यांनी आपापल्या हवाई हद्दी बंद केल्या. त्या वेळी एअर इंडियाचे मुंबई–लंडन विमान, उड्डाण क्रमांक 129, नुकतेच वाटेला लागलेले होते. जवळपास तीन तास आकाशात काढून ते पुन्हा मुंबईतच उतरले. उलट दिशेने येणारे लंडन–मुंबई विमान, क्रमांक 130, व्हिएन्नाला वळवले गेले. न्यूयॉर्कहून मुंबईला येणारे विमान जेद्दाला गेले. लंडनहून दिल्लीला निघालेले एक विमान मुंबईला उतरले, कारण दिल्ली आता मुंबईच्या पलीकडे होती.

त्या पहाटे विमानात बसलेल्यांचा विचार मनातून जात नाही. तीन तास प्रवास झाला आणि अंतर शून्य. कोणी लग्नाला निघाले असेल, कोणी परीक्षेला, कोणी आजारी माणसाला भेटायला. वैमानिकांचा निर्णय योग्यच होता. बंद हद्दीकडे विमान नेणे किंवा इंधनाचा हिशोब नसताना लांबचा वळसा घेणे यापेक्षा परत फिरणे केव्हाही सुरक्षित. मुंबईला परतले म्हणून निदान प्रवासी आपल्या गावात होते. व्हिएन्नात अडकलेल्यांना तेही नव्हते.

मग उरलेली वाट कोणती? सौदी अरेबिया, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र आणि ग्रीसच्या बाजूने वर. हिशोबाला कैरो धरले तर मुंबई–कैरो 4,340 आणि कैरो–लंडन 3,530, एकूण सुमारे 7,870 किलोमीटर. दोऱ्यापेक्षा 660 जास्त, म्हणजे पाऊण तास. पण खरा त्रास त्या पाऊण तासापेक्षा मोठा होता. युरोप आणि आशियातली सगळीच वाहतूक त्या एका चिंचोळ्या पट्ट्यातून जाऊ लागली. हवी ती उंची मिळत नाही, हवा तो क्रम मिळत नाही, आणि इंधन मात्र वाईटात वाईट शक्यता धरून भरावे लागते. जादा इंधन म्हणजे जादा वजन, आणि ते वाहायला पुन्हा इंधन. शिवाय वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असते. प्रवास ठराविक वेळेपुढे गेला की वैमानिकांची संख्या वाढवावी लागते.

23 जूनच्या रात्री इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली आणि काही तासांसाठी कतार, संयुक्त अरब अमिराती, बहरीन, कुवेत यांच्या हद्दीही बंद झाल्या. एअर इंडियाने आखाताबरोबर युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची उड्डाणेही त्या रात्री थांबवली. सुदैवाने ते फार टिकले नाही.

1948 ची वाट

कैरोमार्गे लंडन हा रस्ता मुंबईला नवा नाही. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले ते कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत. विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव मलबार प्रिन्सेस. या तीन टप्प्यांची बेरीज सुमारे 7,920 किलोमीटर होते, म्हणजे जून 2025 च्या वळशाच्या अगदी जवळ. तेव्हाच्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे नुसते आकाशातलेच सोळा तास.

त्याही आधी लंडनची विमानटपाल भारतात कराचीलाच येत असे. 1929 पासून इंपीरियल एअरवेजची सेवा तिथपर्यंत होती. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ हे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले ते ही टपाल मुंबईला पोचवण्यासाठी. लंडन–मुंबईची सरळ रेषा कराचीवरून जाते हे आज बंदीमुळे आपल्या लक्षात येते. त्या काळी तो नेहमीचा व्यवहार होता.

1960 मध्ये बोइंग 707 आले आणि वेग ताशी नऊशेच्या घरात गेला. पुढची गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते: तिथून वेग वाढलेलाच नाही. आजचे 787 त्या 707 पेक्षा इंधन कितीतरी कमी जाळते, न थांबता लंडन गाठते, आवाज कमी करते, पण उडते जवळपास त्याच वेगाने. म्हणून गेल्या पासष्ट वर्षांत मुंबई–लंडनच्या वेळेत जो काही बदल झाला तो थांब्यांमुळे, वाऱ्यामुळे आणि मार्गामुळे. त्यातले थांबे गेले. वाऱ्याचे चक्र दरवर्षी तेच. राहिला मार्ग, आणि तो कुणाच्याच एकट्याच्या हातात नाही.

प्रवाशाने काय धरावे

अंतर मोजणाऱ्या संकेतस्थळांनी अंतर खुशाल द्यावे; वेळ देणे बंद करावे असे माझे स्पष्ट मत आहे. निदान तो वाऱ्याशिवायचा, अडथळ्याशिवायचा आणि विमान जमिनीवर असतानाचा काळ वगळून काढलेला आहे, एवढे तरी लिहावे. ज्येष्ठ प्रवासी त्या आकड्यावर औषधांच्या गोळ्या मोजतात.

वेळ तिकिटावरचीच धरावी. ती पाहताना घड्याळाचा हिशोबही नीट करावा. भारत आणि ब्रिटन यांत मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तासांचे अंतर असते, उरलेल्या काळात साडेपाचचे. समजा विमान मुंबईहून रात्री दोनला निघाले आणि दहा तास लागले. उन्हाळ्यात तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतील, हिवाळ्यात साडेसहा. तिकिटावर साडेचार-साडेपाच तासांचाच फरक पाहून विमान पाच तासांत पोचते असे समजणारे लोक मला भेटले आहेत. मधुमेहाच्या माणसाला दोन गोळ्यांमधले अंतर भारतीय घड्याळाने मोजायचे की तिथल्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आणि निघण्यापूर्वी त्याच क्रमांकाचे विमान मागच्या आठवड्यात प्रत्यक्ष किती वेळात पोचले ते विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पाहावे. तिथे रोजचा मार्गही दिसतो. रेषा मस्कतवरून वर गेलेली असेल तर वेळापत्रक पाळले जाण्याची शक्यता चांगली. ती इजिप्तकडून वळलेली दिसली तर तासाभराची सवड ठेवावी. पुढे लेस्टरला किंवा आणखी उत्तरेला रेल्वेने जायचे असेल तर हे फार महत्त्वाचे ठरते, कारण ब्रिटनमध्ये आगाऊ काढलेले स्वस्त रेल्वे तिकीट त्या एकाच गाडीपुरते चालते. लेस्टरच्या गाड्या सुटतात त्या सेंट पॅंक्रास स्थानकाला हीथ्रोहून भुयारी रेल्वेने जवळपास तास लागतो. पारपत्र तपासणी आणि सामान यांचा वेळ त्याआधी. अशा वेळी थोडे पैसे जास्त देऊन कुठल्याही गाडीला चालणारे तिकीट घ्यावे.